लाल झालेलं बोरूचं बेट

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तेव्हा आज थोडं वरच्या आवाजात बोलले तर चालवून घ्या. आणि हे देवनागरीत लिहिलंय म्हणून आठ्या घालू नका. आपल्या तंजावूरच्या घरात बोलायचं मराठीत आणि लिहायचं तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत, अशी रीत. ही लिपी मला लग्न होऊन पुण्याला आल्यावर गिरवावी लागली. माझं बोलणं ऐकून इथल्या शेजारणी तोंडाला पदर लावायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, हसा खुशाल, माझ्या अप्पांना तर अख्खं गाव हसलं होतं, आणि शेवटी कोण जिंकलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती गोष्ट तुम्ही स्वतः कधी धड सांगितली नाहीत. कुणी विषय काढलाच तर 'हां, तें झालें' म्हणून विड्याचं पान पुसायला घ्यायचात. मला असला संकोच नाही. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे, तीही तुम्हालाच.

तुम्ही शेतकी खात्यात डेमॉन्स्ट्रेटर. बसनं ओरत्तनाडुला उतरायचं, तिथून खात्याची सायकल घेऊन गावं फिरायची, बी कसं निवडावं, खत किती घालावं ते सांगायचं, आणि मिरासदारांच्या ओट्यावर ताक पिऊन परत यायचं. संक्रांतीच्या सुट्टीत मी हट्ट धरून तुमच्याबरोबर आले होते. भाताची कापणी नुकती झालेली. आपल्याकडे कापणीच्या आधीच उभ्या भातात उडीद फेकून ठेवतात, त्यामुळे कापलेल्या खुंटांमधून उडदाची कोवळी रोपं डोकी वर काढत होती. मी कॅरिअरवर बसून बडबड करतेय, तुम्ही हूं हूं करताय, आणि कालव्याच्या वळणावर तुम्ही एकदम ब्रेक दाबता. कालव्याच्या काठचं बोरूचं बेट लाल झालेलं असतं. मला वाटलं फुलं आली. मी उडी मारून धावले, आणि जवळ जाऊन पाहते तर फुलं चालत होती. प्रत्येक काडीवर, प्रत्येक पानाच्या बेचक्यात ढालकिडे, पुण्यात ज्यांना लेडीबर्ड म्हणतात ते लाल, ठिपक्यांचे, एकावर एक, बोट ठेवायला जागा नाही. वाकलेल्या बोरूंवर तर त्यांचे घोसच्या घोस लटकत होते. तुम्ही खात्याची सायकल चिखलात आडवी टाकलीत. स्वतःची असती तर टाकली नसतीत! चपला काढल्यात, देवळात काढाव्यात तशा, आणि माझं मनगट धरून हळूच त्या गर्दीला टेकवलंत. "हळू. त्यांला भिववूं नको, पिवळें पाणी सोडतील." एक, मग चार, मग मोजता न येणारे माझ्या हातावर चढले. त्यांच्या पायांच्या गुदगुल्या आणि तो कडवट वास अजून माझ्याजवळ आहे. मी विचारलं, "एवढे कां गोळा झाले, अप्पा?" तुम्ही म्हणालात, "थंडी सरेपर्यंत मिळून बसतात. उडदावर मावा पडला म्हणजे उठतील. मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तेंच त्यांचें जेवण." मग स्वतःशीच हसलात. तुमचा चेहरा असा उजळलेला मी फार थोड्या वेळा पाहिला.

तेवढ्यात छत्री टेकत मिरासदार आले. शेत त्यांचं, बेटही त्यांचंच. त्यांनी एकदा बघितलं आणि तमिळमध्ये निकाल देऊन टाकला, "सार, हा वांग्याचा किडा. संध्याकाळी बेट पेटवतो, आणि उडदावर तुमच्या खात्याची किडे मारायची पावडर मारून घेतो." आता यात त्या माणसाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्या मुलखात परसात वांगी नाहीत असं घर नाही, आणि वांग्याच्या पानाची जाळी करून टाकणारा तो ठिपकेवाला गोल किडा ओळखत नाही असं पोर नाही. आपल्या घरी तर अम्मा रोज सकाळी ही पूच्ची, म्हणजे किडा, वेचून राखेच्या मडक्यात टाकायची. तुम्ही म्हणालात, वांग्याच्या किड्याच्या पाठीवर बारीक लव असते, तो मळकट दिसतो. ह्याची पाठ बघा, कशी चकचकीत आहे. मिरासदार म्हणाले, "रंग बघून मी जावईसुद्धा निवडला नाही, सार. पीक गेलं तर कोण उभं राहणार?" तुम्ही म्हणालात, मी. "तोंडी नको," ते म्हणाले. "अम्मनसमोर कापूर विझवा."

आमच्या इकडे कापूर विझवून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द, तिच्यापुढे कोर्टकचेरी नाही. शिवेवरच्या अम्मन देवीपुढे कापराची वडी पेटली. शेतगडी, बायका, सगळे जमा झाले. मला वाटलं तुम्ही हसून टाळाल, सरकारी नोकर, सायन्स शिकलेला माणूस. तुम्ही उपरणं सावरलंत, पुढे झालात, पावडर न मारता उडीद येईल, नाही आला तर दोष माझा असं मोठ्यानं म्हणालात, आणि उघड्या तळव्यानं ती ज्योत दाबून विझवलीत. बायकांमधून हसू फुटलं. किड्यांसाठी शपथ घेणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

घरी अम्मानं तुमच्या तळव्यावर तूप लावलं आणि तोंड सोडलं. "पोटच्या पोरीसाठीं कधीं कापूर विझविला नाहीं, पूच्चीसाठीं विझविला म्हणून सांगतांत! मी रोज राखेंत घालतें तीच पूच्ची कीं नाहीं ही?" तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढलीत, तिच्यातले दोन ढालकिडे कंदिलाच्या जुन्या चिमणीत सोडलेत, दोन्ही तोंडांना मलमलीचा तुकडा बांधलात आणि चिमणी चुलीपासून लांब, ताकाच्या मडक्याशेजारी ठेवून दिलीत. पण अम्मा काही ऐकून विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिनं परसातलं वांग्याचं एक पान आत टाकलं, आणि दुसऱ्या बाजूनं शेवग्याची मावा पडलेली काडी. सकाळी आम्ही उठलो तर ती चिमणी उजेडाकडे धरून उभी होती. वांग्याचं पान जसंच्या तसं. शेवग्याची काडी स्वच्छ. "शिवला नाहीं," ती म्हणाली, आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाली की तुम्हाला पुन्हा विचारावं लागलं. तुम्ही पुन्हा विचारलंत ते मुद्दाम, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पण अम्माला पटलं म्हणून खात्याला पटत नव्हतं. शपथेची बातमी तुमच्याआधी ऑफिसात पोहोचली होती. साहेबांनी तुम्हाला उभं करून झाडलं, खात्याचा माणूस कापूर विझवत फिरतो, पावडरीची पोती गोदामात पडून राहतात. मग जरा नरमून म्हणाले, रामनाडला तुमच्या बदलीचं चाललंय. शेतावर पावडर मारून घ्या, मी ती थांबवतो. नाही मारलीत आणि पीक गेलं, तर माझ्याकडे येऊ नका. हे तुम्ही त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून अम्माला सांगत होतात, आणि मी आत केळीच्या पानांचे देठ काढत सगळं ऐकत होते. रामनाडच्या त्या गावात मुलींचं हायस्कूल नव्हतं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतून चालत शाळेत जाणारी मी तिसरी मुलगी, आणि अम्मानं आधीच सांगून ठेवलं होतं की बदली झाली तर पोरीला कुंभकोणमला आत्याकडे ठेवायचं, चार पदार्थ शिकवायचे आणि स्थळं बघायची. "मग काय करायचें म्हणून ठरविलेंत?" अम्मानं विचारलं. तुम्ही तळव्याकडे बघत म्हणालात, "ते खातात कीं, तूंच पाहिलेंस." पावडर नाही म्हणजे नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. उडीद फुलावर आला आणि त्याच्या शेंड्यांवर मावा चढला, काळा, चिकट. ढालकिडे मात्र बेटात बसलेले. त्या वर्षी थंडी हटता हटत नव्हती. कालव्यापलीकडच्या शेतांवर पावडर मारून झाली, आणि बाजारात तुम्हाला 'वंडु सार' म्हणायला लागले. वंडु म्हणजे भुंगा. भाजीवालीसुद्धा माझ्याकडे बघून हसायची. तुम्ही रोज जाऊन येत होतात आणि जेवताना आमटी वाढलेली असूनही नुसता भात कालवत बसत होतात. एका रविवारी मला म्हणालात, "चल." कालव्याच्या वळणावर आलो. बेट हिरवं होतं. एकही किडा नाही. मिरासदार ओट्यावरून ओरडले, "गेले हो सार तुमचे पाहुणे, न जेवताच!" तुम्ही सायकल टाकलीत, ती पुन्हा चिखलात, आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचून सरळ उडदात शिरलात. वाकून पहिलं पान उलटं केलंत. मग दुसरं. मग मला हाक मारलीत. पानापानाखाली ढालकिडे होते, शेतभर पांगलेले, माना खाली घालून जेवत असलेले. अप्पा, मी तेव्हा तिथं उभ्या पिकात नाचले. तुम्ही रागावला नाहीत.

तरी जीव भांड्यात पडायला अजून वेळ होता. थोड्याच दिवसांत मिरासदारांचा निरोप आला, किड्यांची पिल्लं निघालीत, काळी काटेरी, पीक फस्त करतील, ताबडतोब या. दिसायला ती खरंच भयंकर होती, सुसरीच्या पिल्लांसारखी. मिरासदार कधी नव्हे ते घामाघूम झाले होते. तुम्ही त्यांना काही समजावलं नाहीत. त्यांचा हात धरून बांधावरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, बसा. तो एवढा मोठा माणूस, छत्री मिटवून, तुमच्या शेजारी उकिडवा बसला. तुम्ही दोघं एका शेंड्याकडे बघत राहिलात. काळं पिल्लू मावा एकेक करून उचलत होतं आणि पानाला तोंड लावत नव्हतं. उन्हं चढली तरी मिरासदार उठेनात. शेवटी म्हणाले, "सार, हे बापापेक्षा जास्त खातंय." आणि मग ते हसायला लागले, तुम्हीही, आणि तुम्हा दोघांना उठता येईना, पायांना मुंग्या आल्या म्हणून.

उडीद आला. असा आला की मिरासदार स्वतः बैलगाडी जुंपून आपल्या गल्लीत आले, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि एक पोतं उतरवून दारात ठेवलं. वंडु सार कुठे राहतात म्हणून त्यांनी गल्लीच्या तोंडापासून विचारत गाडी आणली होती, त्यामुळे सगळी दारं उघडी होती. मी उंबऱ्यावर उभी राहून एकेका दाराकडे बघून घेतलं. साहेबही येऊन गेले, दुसऱ्या तालुक्यांतले डेमॉन्स्ट्रेटर बरोबर घेऊन, आणि तुम्ही बांधावर उभं राहून त्या सगळ्यांना पानं उलटी करायला लावलीत. पिकाकडे बघत साहेब म्हणाले, रामनाडला तूर्त दुसरा माणूस पाठवतोय. एवढंच म्हणाले, पण मला पुरलं. मिरासदारांनी गावात ताकीद दिली की त्या बेटाला कोयता लावायचा नाही. आणि अम्मानं नव्या उडदाची डाळ भाजली, दळली, दह्यात कालवून डांगर केलं, वर मिरचीची फोडणी दिली आणि तुम्हाला वाढलं. तुम्ही तिसऱ्यांदा पान पुढे केलंत तेव्हा ती म्हणाली, "पूच्चीनें राखलेला उडीद, मोजून वाढूं नये." तिच्या तोंडून तुमचं एवढं कौतुक मी आधीही ऐकलं नाही, नंतरही नाही.

मी तंजावूरलाच शिकले. हायस्कूल, मग कॉलेज, विषय अर्थातच प्राणिशास्त्र, आणि मग पुण्यात आयुष्यभर तेच शिकवलं. दर वर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगितली. किडे थंडीत एकत्र का बसतात, त्यांची अळी कशी ओळखायची, हे त्यात यायचंच, पण खरं सांगायचं असायचं ते तुमच्या तळव्याबद्दल. मुली विचारायच्या, मॅडम, तुमचे वडील घाबरले नाहीत? मी म्हणायचे, घाबरले होते, भात कालवत बसायचे. तरी हटले नाहीत. हे म्हणताना माझी मान ताठ व्हायची, अजून होते. माझं सगळं आयुष्य त्या शेतातून आलं, अप्पा. मी ते कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, तुम्ही जिंकून आणलेलं आहे, आणि त्याचा मला गर्व आहे.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून कपाटात ठेवीन. माझ्या मुलांना तंजावूरचं एवढं काही वाटत नाही, त्यांच्या हाती लागलं तरी ती वाचून परत ठेवतील. फक्त एक गोष्ट वर्गात कधी सांगितली नाही, ती इथं सांगते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात केळीची पानं पुढ्यात घेऊन बसले होते तेव्हा माझं एकच म्हणणं होतं. बाहेर येऊन तुम्ही मला एका शब्दानं जरी विचारलं असतंत, तर मी शाळेसाठी रडून, पाय धरून सांगितलं असतं, अप्पा, मारा ती पावडर. तुम्ही विचारलं नाहीत. फार बरं केलंत.