‘लोवेना’ पोचवायला निघालो त्याची हकिगत

सेंट मेरीज, सिली बेटं
सप्टेंबर १९६७

ती. लव्हडेमावशीस,

ट्रुरोच्या दिशेने तोंड करून डेन्झिलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अक्षरशः घे, उभं राहिलं की जमीन अजून हलते.) तुझा गुडघा कसा आहे? आम्ही सुखरूप आहोत. आईची तब्येत तर इतकी उत्तम आहे की मला काळजी वाटते.

बाबा गेल्यावर त्यांनी स्वतः बांधलेली ‘लोवेना’ बोट इथल्या डॉक्टर नँकिव्हलना विकायचं तूच जुळवून दिलंस, आणि ती पोचवायला मी फाल्मथहून निघणार होतो, इथवर तुला ठाऊक आहे. आई ऐनवेळी पेस्ट्यांचा, म्हणजे आपल्या मांस-बटाट्याच्या करंज्यांचा, डबा घेऊन धक्क्यावर आली आणि थेट बोटीत जाऊन बसली. (जन्मभर जिला सवत म्हटलं, तिला सासरी पोचवायला! मला वाटलं, खात्री करून घ्यायला आली असेल.) बंदरातून बाहेर पडताना नव्या, हलक्या, चकचकीत बोटी आमच्या शेजारून सुळकन निघून गेल्या. त्यातल्या एकीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, म्हशीला गवत घातलंत का? विचारणाऱ्याचं फारसं चुकलं नाही, बत्तीस फुटांची ती बोट खरंच म्हशीसारखी चालते: संथ, जड, आणि कुणाचं न ऐकता सरळ.

दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला. सुटला म्हणजे काय, खवळलाच. चकचकीत मंडळी एकेक करून परत फिरताना दिसली. वारा ढकलेल त्या बाजूला आपटायला किनारा नव्हता, नुसता मोकळा समुद्र होता, आणि लाटा आपल्या चर्चच्या छपराएवढ्या. (बरं, अर्ध्या छपराएवढ्या.) तेव्हा मी मोठं शीड आखडून बारीक केलं, पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ताणलं आणि सुकाणूचा दांडा बांधून टाकला, म्हणजे बोट पुढे न जाता जागीच तरंगत राहते. मावशी, त्यानंतर जे झालं ते बघायला बाबा हवे होते. एवढ्या धिंगाण्यात बोट शांत झाली. पुढच्या टोकापासून सुकाणूपर्यंत तिच्या पोटाखाली जो लांब कणा आहे, त्यात बाबांनी ओतलेलं शिसं तिला आडवं होऊ देईना. लाट आली की ती खांदा किंचित उचलायची, लाट खालून जाऊ द्यायची आणि पुन्हा बसायची. एक फळी कुरकुरली नाही. आत किटलीसुद्धा जागची हलली नाही. आईने पेस्टी खाल्ली, मग माझीही खाल्ली.

वारा पडल्यावर आई बराच वेळ आतल्या लाकडावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, “मला वाटायचं, माझ्यापासून लांब राहायला तो हिवाळाभर शेडमध्ये बसतो. बुडू नये अशी बोट करायला वेळ लागतो रे.” आणि डोळे पुसले. मी शिडाच्या दोऱ्या गुंडाळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी इथे पोचलो. डॉक्टर धक्क्यावर फुलं घेऊन उभे होते. आईने फुलं घेतली, बोट दिली नाही.

तुझा भाचा,
डेन्झिल

ता. क. व्यवहार तू जुळवलास, तेव्हा मोडण्याचं पत्रही डॉक्टरांना तूच लिहावंस, ही विनंती. गोड शब्दांत लिही. फुलं परत मागू नयेत.

ता. क. २. आई म्हणते, आता पार फ्रान्सच्या ब्रिटनीपर्यंत जायचं. माझ्या जागी तू ये. मी प्रवासी बोटीने घरी जातो. लोकरीचे मोजे आण.

लव्हडे, पाकीट बंद करण्याआधी माझ्या लेकाचं हे पत्र वाचलं. समुद्र, बोट, पेस्ट्या सगळं खरं. पण वारा सुटल्यापासून पडेपर्यंत हा बादलीला मिठी मारून आत पडला होता. शिडं मी आखडली, दांडाही मीच बांधला. याचा बाप जागो जेवायला बसला की वादळात काय करायचं ते रोज सांगायचा. मी ऐकत नाही असं दाखवायचे, इतकंच.
— जेनिफर