बर्निसबाईंच्या नावाचं पोस्ट

१४ जानेवारी, वॉशिंग्टन
खासदारकीची अकरावी टर्म, दोन वर्षांतलं शेवटचं वर्ष. संकल्प: या वर्षी माझ्या नावावर एक तरी कायदा. माझ्या मतदारसंघातल्या केल्नर्सव्हिलच्या पेपरनं छापलंय की हार्लन ग्रोबेंनी इतक्या वर्षांत एकही कायदा केला नाही. संपादक गाढव आहे. कायदे कोणीही करतो, मी थांबवतो. कुठले कुठले थांबवले त्याची यादी उद्या करणे.

१५ जानेवारी
यादी जमली नाही. डोकं दुखत होतं.

२२ जानेवारी
सुचलं! पोस्ट ऑफिसला नाव द्यायचं. याला कोणी विरोध करत नाही, कोणी वाचतही नाही. अट एवढीच की माणूस मेलेला हवा. माझ्याकडे तयार आहे: बर्निस वोइचेखोव्स्की. एक्केचाळीस वर्षं केल्नर्सव्हिलमध्ये घरोघर टपाल वाटलं, बर्फात, चिखलात. सहा वर्षांपूर्वी तिच्या अंत्यविधीला मी स्वतः गेलो होतो. फोटोसाठी तिच्या बहिणीचा हात दोन्ही हातांत धरला होता. हॅमचे सँडविच गार होते.
मतदारसंघातलं ऑफिस डोरीन चालवते. ती फोनवर म्हणाली, साहेब, घरच्यांना एकदा विचारून घेऊ या. मी म्हटलं, शवपेटी मी या डोळ्यांनी पाहिलीय. वीस वर्षं मला शिकवतेय ही बाई. केल्नर्सव्हिलपासून चाळीस मैलांवर बसून!

३ मार्च
सभागृहात भाषण केलं. समोर सातजण, त्यातले तीन मोबाईलमध्ये. कॅमेरा फक्त बोलणाऱ्याला दाखवतो, त्यामुळे हरकत नाही. म्हणालो, बर्निसबाई आज स्वर्गातून आपल्याकडे बघत असतील. डोळ्यांत पाणी आणलं. आवाजी मतानं मंजूर. बायकोला फोन केला तर मार्लिस म्हणाली, छान, येताना डिटर्जंट आण.

२० मार्च
केल्नर्सव्हिलहून पत्र. ‘मी जिवंत आहे. कृपया नोंद घ्यावी. बर्निस वोइचेखोव्स्की.’ विरोधकांचा चावटपणा. पण आमची पद्धत चोख आहे. येणारं प्रत्येक पत्र विषयाप्रमाणे त्या त्या गठ्ठ्यात जातं आणि छापील उत्तर निघतं, खाली मशीनची सही. हे पत्र ‘जगण्याचा हक्क’ या, म्हणजे गर्भपातविरोधकांच्या, गठ्ठ्यात गेलं. उत्तर: ‘जीवनाविषयीची आपली मतं कळवल्याबद्दल आभार. या प्रश्नावर मी ठामपणे आपल्या बाजूनं आहे.’

८ एप्रिल
त्याच माणसाचं दुसरं पत्र. ‘मेली ती माझी बहीण लॉरेटा. मी बर्निस.’ तेच उत्तर गेलं. शिवाय माझा फोटो असलेलं कॅलेंडर.

१९ मे
राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कायदा! संपादकाला प्रत पाठवली, रजिस्टर्ड पोस्टानं. पितळी अक्षरं एक-एक फुटाची करा असं बजावून सांगितलं. रस्त्यापलीकडच्या टाऊन हॉलमधूनही वाचता आली पाहिजेत.

१३ जून, केल्नर्सव्हिल
उद्घाटन.
काय लिहू? शाळेचा बँड, पोस्टाचे अधिकारी, खुर्च्या, लिंबू सरबत, सगळं व्यवस्थित होतं. मी म्हणालो, आज बर्निसबाई आपल्यात असत्या तर. पुढच्या रांगेतल्या घडीच्या खुर्चीतून एक म्हातारी म्हणाली, आहे की.
मग उठून उभी राहिली, आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, अरे हार्लन, लॉरेटाच्या वेळी तू माझाच हात धरलास आणि बर्निस गेल्याचं वाईट वाटतं म्हणालास. मला वाटलं, दमला असशील, कशाला चारचौघांत बोला. पण बाबा, आता तर तू पितळेत लिहिलंस!
मी प्रसंग सावरला. म्हटलं, हे तर जास्तच आनंदाचं झालं. टाळ्या मलाच पडल्या असत्या, पण बँडवाल्यांनी मध्येच सुरुवात केली.

१४ जून
डोरीनला म्हटलं, नाव काढून टाक. म्हणाली, साहेब, तो कायदा आहे, काढायला दुसरा कायदा लागेल. विचारलं, बाईंचं वय किती? एक्याण्णव. म्हटलं, मग थोडं थांबू या. तर डोरीननं फोनच ठेवला. या लोकांना व्यवहार कळत नाही.

१० जुलै
शुक्रवार. चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम. हात मिळवायला गेलो. रांगेतला प्रत्येक माणूस एकच विचारत होता: काय हार्लन, जिवंत का? एकानं विचारलं, सगळ्यांनी विचारलं. यांना मी रस्ते दिले. (रस्ते राज्य सरकारचे आहेत, पण रिबन मी कापली.) वाढणाऱ्या बाईनं मला शेपटीचा तुकडा दिला. मार्लिसला मधला. मार्लिस त्यांच्याबरोबर हसत होती. मला या गावाचा वीट आलाय, आणि निवडणूक झाल्यावर मी दोन वर्षं इकडे फिरकणार नाही.

२४ जुलै
डोरीन म्हणते, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, प्रायमरीत, लोक बर्निसचं नाव लिहिणार आहेत. हसू आलं. मतपत्रिकेवर माझं एकट्याचंच नाव आहे. दुसऱ्या पक्षानं इथे चौदा वर्षांत माणूस उभा केलेला नाही, म्हणजे प्रायमरी जिंकली की झालं. खाली एक रिकामी ओळ असते, त्यावर कोणाचंही नाव लिहिता येतं. दर वेळी रिकामटेकडे लोक तिथे आपल्या कुत्र्याचं नाव लिहितात.
आणि म्हातारीचं आडनाव! इंग्रजीत तेरा अक्षरं, त्यात स्वर शोधावे लागतात. मला स्वतःला येत नाही. या जिल्ह्यात ते बरोबर लिहिणारा माणूस जन्माला यायचाय. मार्लिसला हे समजावून सांगितलं. तिनं विचारलं, मागच्या वेळी कुत्र्यांना किती मतं पडली? म्हटलं, दोनशे बारा. ती भांडी घासत राहिली.

२ ऑगस्ट
प्रचार बंद. एकट्यानं कोणाविरुद्ध करायचा? विजयाचं भाषण लिहिलं. नम्र आहे.

११ ऑगस्ट, सकाळी ९
मतदान. केल्नर्सव्हिलच्या टाऊन हॉलमध्ये रांग दारापर्यंत. एक गोष्ट विचित्र वाटली. लोक आत जातात, मतपत्रिका घेतात, मग दारापाशी येऊन रस्त्यापलीकडे बघतात. ओठ हलवतात. पुन्हा आत जातात. एका म्हाताऱ्यानं तर चष्मा बदलला.
पलीकडे पोस्ट. एक-एक फुटाची अक्षरं. तेराच्या तेरा, ओळीनं, उन्हात चकचकीत.

९.२०
केंद्रप्रमुख झास्ट्रोकडे तक्रार केली. मतदानाच्या दारापासून शंभर फुटांच्या आत उमेदवाराचं नाव दिसता कामा नये, हा नियम आहे. झास्ट्रो सरळ माणूस. टेप घेऊन स्वतः रस्ता ओलांडला. सत्तर फूट भरलं. म्हणाला, तुमचं बरोबर आहे हार्लन, हे झाकलं पाहिजे. मी त्याचा हात दाबला.
मग तो पाटीखालची छोटी ओळ वाचून परत आला. म्हणाला, इमारत केंद्र सरकारची, नाव संसदेच्या कायद्यानं दिलेलं. माझ्या हातात नाही. संसदेतल्या माणसालाच सांगावं लागेल, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का तिथे?
मागे रांग हसली. चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, अजून कळलेलं नाही.

१२ ऑगस्ट
तिला एकतीस हजार. मला चौदा.
चुकीची स्पेलिंगंसुद्धा धरली. मतदाराचा हेतू कळला की पुरे, म्हणे. एकानं नुसतं ‘आमची टपालवाली’ लिहिलं होतं, तेही धरलं. मी न्याहारीला म्हटलं, हे फसवणुकीचं काम आहे, ते आडनाव इतक्यांना लिहिताच येणं शक्य नाही. मार्लिसनं टोस्टला लोणी लावता लावता तेराही अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. विचारलं, तुला कशी पाठ? म्हणाली, कालच लिहिली.
 

१९ ऑगस्ट
बर्निसनं कॉफीला बोलावलं. जाणार नव्हतो, पण डोरीननं वेळ देऊन टाकली होती. (डोरीन आता तिच्याकडे काम करणार आहे.) स्वयंपाकघरात टेबलावर वही, टोक केलेली पेन्सिल. म्हणाली, हार्लन, राग धरू नकोस. निवडून तर आले, आता काम शिकव. सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचं?
मी म्हटलं, घंटा वाजते. वाजली की जाऊन मताचं बटण दाबायचं.
कुठलं बटण ते कोण सांगतं?
पक्षाकडून चिठ्ठी येते.
लिहून घेतलं. विचारलं, लोकांची पत्रं? म्हटलं, मशीन आहे. भाषणं? म्हटलं, करायची, पण ऐकायला कोणी नसतं, त्यामुळे घाबरू नका. पुढे? मी आठवायचा प्रयत्न केला. कॉफी संपवली. खरंच प्रयत्न केला.
  मग तिनं विचारलं, बावीस वर्षं? मी म्हटलं, जानेवारीत पूर्ण होतील.
तिनं वही मिटली. अर्धं पानसुद्धा भरलं नव्हतं. म्हणाली, या वयात आपल्याला झेपेल की नाही याची फार काळजी लागली होती रे, आता नाही वाटत.