राईपुढं केलेलं कौतुक

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रांजल बाळा, लिहायला एवढा उशीर झाला, रागावू नकोस. निघताना तू ही डायरी हातात दिलीस आणि म्हणालीस, आबा, जे जे पाखरू-जनावर दिसेल ते रोज लिहायचं. मी मान डोलावली, आणि इथं येऊन आठवडा झाला तरी पान कोरंच. चौथीनंतर मी सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. पेन धरलं की बोटं आखडतात, आणि वाटतं, नात चुका काढून हसेल. पण दिवाळीच्या सुट्टीत तू येणार आणि आल्या आल्या वही मागणार, म्हणून आज बसलोच.

जागा फार छान आहे. मार्गासनीच्या पुढं वेल्ह्याच्या अंगाला एक फाटा डोंगरात शिरतो. तो संपतो तिथं माझ्या मालकांचा, आनंदरावांचा बंगला. पप्पूच्या दुधाच्या टेम्पोतून आलो. भाटघरपासून इथवर त्याची बडबड चालू होती. म्हणाला, आजोबा, तिकडं रेंज न्हाई, टीव्ही न्हाई, बायको बी न्हाई, तुमची मज्जा हाय. मी म्हणालो, बायको चार वर्षांमागं गेली. मग बिचाऱ्यानं टेम्पोतलं गाणं मोठं केलं.

बंगल्याला लांब व्हरांडा आहे, पुढं दगडी पायऱ्या. खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडं देवीची राई. या राईला कधी कुऱ्हाड लागलेली नाही. वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. वेली माझ्या मांडीएवढ्या. आत शेंदूर लावलेला दगड आहे, तीच देवी.

काम म्हणजे झाडलोट आणि राखण. दिवाळीनंतर पुण्याहून पाखरं बघणारी माणसं राहायला येणार, तर कुठलं जनावर कुठं दिसतं ते मी ध्यानात ठेवायचं. काम सोपं आहे, म्हणूनच मला घोर लागलाय. सोप्या कामात काहीतरी चुकतंच माझं.

१७ ऑक्टोबर

तुझ्या पुस्तकातला सर्पगरुड सापडला. राईच्या कडेला एक वठलेलं झाड आहे, त्याच्या शेंड्यावर तो सकाळी पंख पसरून दव सुकवत बसतो. मानेवरचा तुरा फुलवला की सरदार वाटतो. ओरडतो मात्र बारीक, लहान पोरानं आईला हाक मारावी तसा.

शेकरू दोन जांभळांच्या मधून झेप घेतं तेव्हा तांबडी शेपूट मागून येते, नवरीचा शेला यावा तशी. ओढ्यावर शीळकरी आहे. निळाकाळा पक्षी, पहाटे शीळ घालतो, आणि सूर अर्ध्यावर विसरून पुन्हा पहिल्यापासून धरतो. आणि मोरीच्या तोंडाशी एक भेक राहतो. भेक म्हणजे तो खरजुल्या अंगाचा जाड बेडूक. तू नाक मुरडशील, पण डोळे बघ त्याचे, सोन्याची कडी घातल्यासारखे.

संध्याकाळी ओढ्याकाठच्या दगडावर बसतो आणि एकेकाला मोठ्यानं शाबासकी देतो. वाहवा रे गड्या, काय रुबाब! शेजारी माणूस नाही, मग राईशीच बोलतो. ती ऐकते असं वाटतं. मी बोलायला लागलो की पानं थांबतात.

१९ ऑक्टोबर

वरच्या धनगरवाड्यातली भामाबाई दूध घालायला येते. माझ्याहून वयानं थोडी मोठी असेल, पण चढण चढताना मला लाजवते. आज तिच्यामागं वासरू आलं होतं. पांढरंशुभ्र, कपाळावर चांदणी. मी वाहवा म्हणणार तेवढ्यात तीच ओरडली, चल रं शेंबड्या, काय ध्यान जल्माला आलंय! मग तिनं वठलेल्या झाडावरचा गरुड पाहिला आणि म्हणाली, बघा ते रडकं थोबाड, मेल्याला धड बसाया बी येत न्हाई.

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आबा, राईपुढं कशाला चांगलं म्हणू नगा. आमी आमच्या पोरास्नी बी हितं शिव्याच देतो. चांगलं म्हणलं की तिला वाटतं, ह्याला ते पायजे. मग ती धाडून देती."

मी म्हणालो, बरंच झालं की, माझे गुडघे दुखतात, पाखरं घरपोच आली तर. भामाबाईनं किटली उचलली. म्हणाली, धाडती ती निसतं अंग. बाकीचं तिच्यापाशीच ऱ्हातं.

जुनी माणसं बोलतात असं. पण वही बंद करताना मला ते आठवलं आणि दाराची कडी पुन्हा पाहून आलो.

२२ ऑक्टोबर

आज शीळ ऐकू आली नाही. दार उघडलं तर शीळकरी व्हरांड्याच्या कठड्यावर बसलेला, तोंड घराकडं. मला इतका आनंद झाला! जवळ गेलो, उडाला नाही. हातात घेतला, ऊब होती, काळीज धडधडत होतं. दाणे टाकले, पाणी ठेवलं. शिवला नाही. डोळा एकदाही लवला नाही.

ऊन राईमागं गेलं आणि तो कठड्यावरून पडला. कुठं जखम नाही. आनंदराव म्हणतील, म्हाताऱ्यानं औषध घातलं. परसात पुरलाय. तुला हे सांगू की नको, कळत नाही.

२४ ऑक्टोबर

शेकरू. खालच्या पायरीवर, दिवसभर. तांबडी शेपूट दगडावर पसरलेली, वाऱ्यानं हललेली तेवढीच. मी टाळ्या वाजवल्या, झाडूनं ढकललं. ढकललं तिथं बसून राहिलं, माझ्याकडं बघत. ऊन राईमागं गेलं तसं तेही पडलं.

जांभळांवर आज काहीच हाललं नाही.

२५ ऑक्टोबर

भर दुपारी भेक उंबऱ्यावर बसला होता. उन्हात. त्याचं कातडं वाळत चाललं होतं आणि गळ्याखालचं हलत नव्हतं. भामाबाई आली, तिनं लांबूनच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, किती वेळा सांगायचं तुमाला! आता शिव्या घाला त्येला.

मी म्हणालो, घाणेरडा आहेस. ती म्हणाली, असं न्हाई, देवळात आरती म्हणल्यावानी काय म्हणताय? सासऱ्याला मनात घालत हुता तशी घाला!

मग मला आठवलं, लहानपणी माझ्या अंथरुणात एक भेक शिरला होता. ती गिळगिळीत थंडी पाठीवर आठवली, शिसारी आली, आणि मी तोंडाला येईल ते बोललो. खरजुल्या, पू भरलेल्या, तुला बघून जेवण उतरत नाही. भेकानं डोळे मिटले. उघडले. गळा हलला. आणि टुणकन उडी मारून ओढ्याकडं गेला.

मी खाली बसून हसलो, हसताना डोळ्यांतून पाणी आलं. भामाबाई म्हणाली, मनातनं आलं म्हणून सुटला. वरवरचं तिला चालत न्हाई.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गरुड आला. कठड्यावर. एवढ्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पिवळे डोळे, छातीवर पांढरे ठिपके, जोंधळा सांडल्यासारखे. मी शिव्या दिल्या. सकाळपासून दिल्या. चोरट्या, रडक्या, मढं खाणाऱ्या. घसा बसला. पण शिवी देताना नजर त्या पंखांवर जायची आणि मन म्हणायचं, काय देखणा आहे रे तू.

ऊन गेलं. पडला तेव्हा पंख उघडले होते.

ताट घेऊन बसलो आणि घास हातात राहिला. पाखरांशिवाय मी त्या दगडावर बसून अजून कुणाचं —

२७ ऑक्टोबर

रात्रभर नीट झोप नाही. भामाबाईला सांगितलं. तिनं विचारलं, आबा, आजून कशाला चांगलं म्हणला हुता?

पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो. राईला म्हणालो होतो, तुझी पाखरं पाहिली, आता माझी नात बघ. पिवळा ड्रेस घालून हसते तेव्हा पुढचा दात झाकायला तोंडावर हात धरते. पाखरांची नावं वाचते ते ऐकत राहावं असं. अशी पोर पंचक्रोशीत नाही. दिवाळीला येणार आहे.

भामाबाई किटली ठेवून खालीच बसली. नाव घेतलं हुतं का, म्हणाली. घेतलं होतं. तुझं नाव, तुझ्या बापाचं, सोमनाथचं नाव, भोरची आळी, सगळं सांगितलं होतं. मोठ्या हौसेनं.

२८ ऑक्टोबर

पप्पूजवळ निरोप दिला. सोमनाथला सांग, पोरीला इकडं धाडू नको. घराबाहेर सोडू नको. पप्पू म्हणाला, का हो, काय वाघ-बिग आलाय का? मी व्हय म्हणालो. सोपं पडलं.

मग ओढ्यावर उभा राहून ओरडलो. माझी नात आळशी आहे. दात पुढं आहेत. आईला उलट बोलते. आवाज घोगरा. तिच्यात घेण्यासारखं काही नाही, ऐकतेस ना, काही नाही!

पानं थांबली नाहीत. राईनं लक्षच दिलं नाही. मी प्रत्येक शब्द बोललो आणि प्रत्येक शब्दाला आत काहीतरी म्हणत होतं — खोटं.

२९ ऑक्टोबर

पप्पू आला. बडबडला नाही. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, आंबवड्याला देवळात गेली असतील, नाहीतर मामाकडं. पण तिनं असंही सांगितलं, की परवा प्रांजल ओट्यावर उभी होती. पिवळ्या ड्रेसमध्ये. तिनं हाक मारली, जेवलीस का गं? पोर बोलली नाही. मावळतीकडं बघत होती. वेल्ह्याकडं. बाई म्हणाली, डोळं बी लवंना पोरीचं, ताप असंल.

ताप असेल. ताप असू दे, देवा.

खिंडीत गेलो, तिथं रेंज येते. सोमनाथचा फोन बंद. सुनेचा लागला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. बॅटरी गेली. उतरताना दोनदा पडलो. पप्पूला म्हणालो होतो, मला भोरला ने. मग वाटलं, मी गेलो आणि ती इथं आली तर तिला माघारी कोण लावणार — म्हणून राहिलो.

३० ऑक्टोबर

राई गप्प. एक पाखरू नाही. भेकसुद्धा नाही. भामाबाई आली नाही.

सकाळपासून सराव करतोय. तुझा राग यायला हवा, खरा राग. तू माझा चष्मा फोडला होतास — आठवतं, आणि मग तू चिंध्यांनी तो बांधून दिलास तेही आठवतं. आजी गेली तेव्हा तू रडली नाहीस. मी म्हणालो, दगड आहे पोरगी. मग रात्री तिच्या लुगड्यात तोंड खुपसलेली दिसलीस. राग कुठून आणू? कुठंही हात घातला तरी तूच —

दुपार

ओढ्यापलीकडं पिवळं काही दिसलं. वाळकं पान असेल.

पान नाही.

संध्याकाळ

खालच्या पायरीवर आहे. जिथं शेकरू होतं. तोंड घराकडं. पाय अनवाणी, चिखलानं भरलेले, एका पायाला रक्त. एवढं लांब चालत — केसात राईतलं पान अडकलंय. हात तोंडावर नाही. दात दिसतोय. मी खिडकीतून हाक मारली. डोळे लवत नाहीत.

बाळा, तू घरी असशील, मामाकडं असशील, तापानं निजली असशील, तर पायरीवरची ही तू नाहीस. मग मी दार लावून बसतो, ऊन जाऊ दे. पण तू निघाली असशील तर ही तूच, आणि ऊन जायच्या आत मला तुझ्या तोंडावर सांगायला पाहिजे, की तू मला नको आहेस. मनापासून. वरवरचं चालत नाही.

मला कळत नाही गं. कुणाहीबरोबर निरोप धाड. पप्पूबरोबर, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर, कुणी वाटसरू असेल त्याच्याबरोबर. घरी आहे एवढंच. लवकर धाड — ऊन वठलेल्या झाडापर्यंत आलंय —

एक पायरी वर आली.

लवकर, पोरी. कारण मी कडी काढलीय, तू समोर आहेस, आणि माझ्या तोंडाशी पहिला जो शब्द आलाय तो