गादीवर बसलेली सुनंदा

केज, मंगळवार, ११ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. सुनंदाच्या हातातला तो चहाचा कप डोळ्यांपुढून हलत नाही.

दुपारी कामगार विम्याचे साहेब तपासणीला आले. माझ्या साड्यांच्या दुकानात माणसं दहा, हजेरीपटावर नावं नऊ. दहावं लिहिलं की सगळ्यांचा विमा भरावा लागतो, म्हणून सुनंदाचं नाव अकरा वर्षं लिहिलंच नाही. सगळ्यात जास्त साड्या तीच विकते. उन्हाळ्यात ऑपरेशनसाठी तिनं कानातले मोडले. विमा असता तर मोडावे लागले नसते.

साहेब पायऱ्या चढताना मीच तिला म्हणालो, "गिऱ्हाईक म्हणून गादीवर बस." तिनंच शिकवलेली पोरगी तिच्यापुढं साड्या उलगडू लागली. मी दोन चहा मागवले, साहेबांना आणि तिला.

साहेबांनी तिला सहज विचारलं, "काय ताई, दुकान चांगलं आहे ना?"

"लई चांगलं हाय. अकरा वर्षं झाली, मी इथंच येते."

त्यात खोटं काय होतं? काहीच नाही.

ते गेल्यावर तिनं साड्यांच्या घड्या घातल्या, आपला कप धुतला. म्हणाली, "अण्णा, इथं बसून चहा आज पहिल्यांदाच पिले."

दहाची अट नसती तर नाव लिहिलं असतं का मी? का दुसरं काही कारण काढलं असतं?

अकरा वर्षांत मी तिला आज पहिल्यांदा बस म्हणालो. तेही ती इथली नाही, हे दाखवायला.