पिंपांच्या दुकानात

आप्पा, तुमच्याशी दारूबद्दल बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही होतात तेव्हा घरात तो विषय कुणी काढत नसे, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा राग भरपूर होता, बोलायला शब्द नव्हते. आता मी हॅनोव्हरला असते, जर्मनीत. गाड्यांचे ब्रेक तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. नवराही गाड्यांच्याच कंपनीत आहे. आम्हाला एक मुलगी आहे, दुसरीत जाते. तिचे कान तुमच्यावर गेलेत, जरा बाहेर आलेले. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. तुम्ही असतात तर तुमची दोघांची जोडी कशी जमली असती कोण जाणे. तुम्ही तरी कुठे फार बोलायचात! तुम्हाला लिहायला बसायचं कारण म्हणजे या शरद ऋतूत आमच्या घरात एक गोष्ट घडली, आणि ती तुमच्याशिवाय मला कुणालाच नीट सांगता येणार नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी मला लॅबमधून निघायला उशीर होतो. त्या दोन दिवशी मुलीला होर्टमधून, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं जिथे थांबतात तिथून, तिचा बाबा घेऊन येतो. अशाच एका मंगळवारी जेवणं झाल्यावर मी तिचे केस विंचरत बसले होते. ती आपली बडबडत होती, आणि बडबडता बडबडता म्हणाली की पिंपवाल्या बाईने नवा कुत्रा आणलाय, आणि तो बाबाच्या पायावरच झोपतो. मी सहज विचारलं, "कुठली गं पिंपवाली बाई?" तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "दास इस्ट आइन गेहाइमनिस." गुपित आहे ते. मी म्हटलं, "कुणी सांगितलं गुपित आहे म्हणून?" ती हळूच म्हणाली, "पापा."

आप्पा, माझ्या हातात कंगवा होता. तो तसाच केसांत राहिला. पुढचं विचारताना मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला, आणि ती सांगत गेली. ट्रामच्या स्टॉपजवळ पूर्वी चांभाराचं दुकान होतं ना, तिथे आता एक बाई बिअर विकते. मोठी मोठी पिंपं आहेत. बाबा एक ग्लास पितो, आपल्याला सफरचंदाचा ज्यूस मिळतो. मला कळायचं ते कळलं. नवरा आत भांडी लावत होता. भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि मी तशीच केस विंचरत राहिले. दोनदा विंचरून झालेले केस पुन्हा विंचरले.

तुम्हाला आठवतं का हो, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात ते? रविवारी दुपारी आईला सांगायचं, पोरीला जरा फिरवून आणतो. सांगलीत आपल्या घरापासून तुमच्या फाउंड्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान होतं. बाहेर बाकडं होतं. मला तिथे बसवून हातात फुटाण्यांची पुडी द्यायचात आणि आत जायचात. जाताना वाकून सांगायचात, "आईला बोलायचं नाही हं. आपलं दोघांचं गुपित." मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! माझ्या भावाशी तुमचं असलं काही नव्हतं. आतून तुमचं हसू ऐकू यायचं. घरी तुम्हाला असं हसताना मी कधी पाहिलं नाही, म्हणून मला ते दुकानच आवडायचं. मग तो रविवार आला. तुम्ही बाहेर आलात, कुणाशी तरी बोलत बोलत सायकल काढलीत आणि निघून गेलात. मी बाकड्यावरच. मला वाटलं, परत येतील. अंधार पडायला लागला तशी शेजारची चहावाली मला हाताला धरून घरी घेऊन आली. तुम्ही ओसरीवर झोपला होतात. आईला चहावालीकडून सगळं कळलं, की मी कितीतरी रविवार तिथे बसतेय. आईने तुम्हाला उठवलं नाही. तिने माझ्या थोबाडीत दिली. "तू मला सांगितलं का नाहीस?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी नवीकोरी कंपासपेटी घेऊन आलात आणि काही न बोलता माझ्या दप्तरात ठेवलीत. ती थप्पड तुम्हाला कुणी सांगितली होती की नव्हती, हे मला अजून माहीत नाही.

लग्न ठरताना मी नवऱ्याला एकच विचारलं होतं, पितोस का. तो नाही म्हणाला होता, आणि तेव्हा ते खरंही होतं. तुम्ही प्यायचात एवढं त्याला माहीत होतं. बाकडं माहीत नव्हतं, थप्पडही नाही. बुधवारी तो कामाला गेल्यावर मी त्याचं जॅकेट खुंटीवरून काढलं आणि नाकाला लावलं. आई तुमच्या शर्टाचा वास घ्यायची, अगदी तसं, कॉलरपाशी. पावसाचा आणि साबणाचा वास आला, दुसरा कसलाच नाही. त्याने बरं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, हा लपवण्यात तुमच्यापेक्षा हुशार आहे. रात्री तो म्हणाला, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

गुरुवारी मी साहेबांना डॉक्टरकडे जायचंय असं सांगून दुपारीच निघाले. स्टॉपवर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चांभाराच्या दुकानाची काच तशीच होती, फक्त आत पिवळे दिवे. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. त्या रविवारनंतर आईही अशीच तुमच्या दुकानासमोर उभी राहायची, पदर डोक्यावर घेऊन, रस्त्याच्या पलीकडे. आत जाणं तिला कधी जमलं नाही. मी रस्ता ओलांडला आणि दार ढकललं.

आप्पा, ते दुकान कसं होतं ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्या माजघराएवढी खोली. टीव्ही नाही, गाणी नाहीत. भिंतीला लागून बाकडी, अशी की सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. मागच्या बाजूला लाकडी घोडीवर आडवी ठेवलेली पिंपं, त्यांच्यावर ओली फडकी. काउंटरवर लाकडी मुठीचा एक लांब दांडा, आणि केस पांढरे झालेली एक दणकट बाई तो दांडा ओढतेय, आपण हापशावर पाणी काढायचो तसा. एक म्हातारं जोडपं आणि कामाच्या बुटातला एक माणूस, एवढीच माणसं. मी आत आले तशी सगळ्यांनी मान हलवून गुटन टाग म्हटलं. कोपऱ्यात माझा नवरा. त्याच्यापुढे तांबूस रंगाचा अर्धा ग्लास, पायावर कुत्रा. शेजारी माझी मुलगी गृहपाठाची वही उघडून बेरजा करत होती.

"अगं, तू?" तो म्हणाला. "लॅब लवकर सुटली?"

"लॅब नाही सुटली. मी आले."

"बस ना."

"कितवा आहे हा?"

तो ग्लासकडे बघायला लागला. "एकच असतो. ती अभ्यास करते, मी जरा बसतो. मग घरी. झालं."

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून." आणि मग मराठीतच, पण आवाज खाली आणून, "सगळे बघतायत. घरी बोलू."

"घरी बोलायला तुला उन्हाळ्यापासून वेळ होता."

पिंपवाली बाई काउंटरवरून म्हणाली, "आलेस इन ऑर्डनुंग?" सगळं ठीक ना, असं. म्हाताऱ्याने कप खाली ठेवावा तसा ग्लास अलगद खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कारण तू अशी बघणार होतीस. आत्ता बघतेयस तशी." त्याचे कान लाल झाले होते. "दिवसभर कंपनीत मी जर्मनमध्ये बोलतो, चुकलो की बरोबरची पोरं दुरुस्त करतात माझं. इथे कुणी करत नाही. अर्धा तास मी नुसता बसतो. एवढंच आहे गं. आणि मी तुझे आप्पा नाही."

तुमचं नाव असं त्या खोलीत निघालं. मला वाटलं, आता माझ्या तोंडून काय निघेल ते मलाच आवरणार नाही. पण त्याआधी मुलगी बोलली. तिने पेन्सिल खाली ठेवली होती आणि ती माझ्याकडे नाही, बाबाकडे बघत होती. जर्मनमध्ये म्हणाली, मी मुद्दाम नाही सांगितलं, चुकून तोंडातून गेलं, तू रागावू नकोस. आणि मग माझ्याकडे वळून, मामा (आईला ती जर्मनमधलं मामाच म्हणते), तू पण रागावू नकोस. दोन्ही बाजूंनी मार बसणार आहे असं समजून बसलेलं ते तोंड मी ओळखलं, आप्पा. चहावालीच्या हाताला धरून मी आपल्या दारात उभी होते तेव्हा माझं तोंड तसंच असणार.

मी खाली बसले. बाकड्यावर जागा होती, मी टेकले, आणि नवऱ्याला सांगितलं. बाकडं, फुटाणे, चहावाली, थप्पड, कंपासपेटी. मराठीत सांगत होते तरी ती खोली इतकी शांत झाली होती की सगळ्यांना कळतंय असं वाटत होतं. "तू पितोस याची मला भीती वाटते, ते माझं मी बघेन," मी म्हटलं. "पण तिला गुपित ठेवायला सांगितलंस ना, ते नको होतं. उद्या काही झालं की मार तिला बसतो. पिणाऱ्याला नाही, लपवणाऱ्यालाही नाही. तिला."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो असा रडवेला झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने ग्लास बाजूला सारला, कुत्र्याला हळूच पायावरून हलवलं आणि मुलीसमोर उकिडवा बसला. "चूक माझी होती," तो तिला म्हणाला. "आईपासून काही लपवायचं नाही. मी सांगितलं तरी नाही." तिने नीट विचार केला आणि विचारलं, "उंड दी मामा?" आणि आईने? मी म्हटलं, "आईनेही नाही." तेवढ्याने तिचं समाधान झालं. तिने पेन्सिल उचलली आणि राहिलेल्या बेरजा पुऱ्या केल्या, आणि आम्ही दोघं त्या होईपर्यंत थांबलो.

मग आम्ही घरी निघालो. ती आमच्या दोघांच्या मध्ये हात धरून चालत होती. पुढे चारआठ दिवस घरात सगळे जपून वागत होते, दारंसुद्धा हळू लावत होते. एका रात्री कणीक मळताना मी त्याला म्हटलं, जायचं तर जा, पण एकटा जा आणि सांगून जा. तो म्हणाला, "नको, सोडतो." मी म्हटलं, सोडू नकोस, मला ते ओझं नको. आता तो शुक्रवारी जातो. निघताना सांगतो, आणि आल्यावर दारातच उभा राहून कोणती बिअर होती, कोण कोण होतं ते सांगतो. मी ऐकते. भीती वाटते अजून, पण पूर्वीसारखी टिकत नाही. मुलीला त्या कुत्र्याची आठवण येते, म्हणून एका शनिवारी आम्ही तिघंही गेलो होतो. मी ज्यूसच घेतला.

इथपर्यंत कुणालाही सांगता येईल. आईलाही सांगता आलं असतं.

नंतर एका बुधवारी मला सुट्टी होती. बाजारातून येताना त्या दुकानाचं दार उघडं दिसलं आणि मी आत गेले. पिंपवाल्या बाईने काही विचारलं नाही. मीच म्हटलं, अगदी थोडी द्या. तिने दांडा ओढला. आप्पा, ती थंड नसते, फेसही फारसा नसतो. बाई म्हणाली की ती अजून जिवंत असते, पिंपातही आंबत राहते, म्हणून फार गार करायची नाही. चव कडू, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी. मला आवडली नाही. तरी मी ती सावकाश संपवली. कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. फाउंड्रीतून येऊन तुम्हाला हेच मिळत असेल का, असं मनात आलं, आणि तुमच्यावरचा राग थोडा वेळ कुठेतरी गेला. घरी पोचेपर्यंत तो परत आला. तो जावा असं मला वाटतही नाही.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण शेवटची ओळ घरात कुणाच्या हाती लागू नये असं वाटतं. त्या बुधवारनंतर मी आणखी दोनदा तिथे जाऊन आले. घरी अजून सांगितलेलं नाही.