पांढऱ्या चहाची बुरशी

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगं सध्या वाकत नाहीत, तेवढी सूट दे.) तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? इथे सगळे मजेत. माझ्या जिभेची चव तेवढी गेलीय, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

आमची सूनबाई चहाच्या कंपनीत चवी जुळवते हे तुला ठाऊकच आहे. चमच्याने फुर्रकन चहा ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा, याचा तिला पगार मिळतो. (मी जन्मभर बशीतून भुरके मारले, तर मला तुझे धपाटे मिळाले.) पण पोरगी हुशार गं! तिच्या मालकीणबाईंनी कुठेतरी डेन्मार्कची एक पेस्ट्री खाल्ली. दोन खुसखुशीत बिस्किटं, मध्ये रासबेरीचा जॅम, वर साखरेचा शुभ्र लेप. झालं, हुकूम सुटला की हीच पेस्ट्री चहात उतरव, तीही पांढऱ्या चहात, लोणी नाही की साखर नाही. दुसरी कुणी असती तर राजीनामा देती. हिने वाळवलेल्या रासबेऱ्या आणल्या, व्हॅनिला आणला आणि कंबर कसली. दोनदा मालकीणबाईंनी नाक मुरडलं, फळ आलं पण बिस्कीट कुठाय म्हणे! तिसऱ्यांदा जमलं नाही तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

त्या तिसऱ्या खेपेचा चहा रविवारी आमच्या ओट्यावर बरणीत होता. सूनबाई बाहेर गेलेली. मी सहज झाकण उघडलं. आक्का, पांढरा चहा तू पाहिला नाहीस. नुसत्या मिटलेल्या कळ्या, आणि प्रत्येकीवर पांढरी लव. मला काय ठाऊक की त्या लवेवरच चहाचा सगळा खानदानीपणा असतो? मला वाटलं, बुरशी! पोरीची मेहनत कुजली! मग आई सांगायची तसं केलं, ओल लागलेलं काहीही मंद आचेवर शेकावं. तवा घेतला आणि लव जाईपर्यंत चहा खरपूस भाजला. गार करून परत बरणीत भरला, तवासुद्धा घासून ठेवला. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी मालकीणबाई एक घोट प्यायल्या, डोळे मिटले आणि दुसरा कप मागितला. बिस्कीट आलं होतं! सूनबाई घरी आली ती नाचतच, आणि मग कौतुकाने मला त्या लवेची महती सांगत बसली. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आता तस्साच चाळीस किलो हवाय. तेव्हापासून आठ दिवस ती घरी नवनवी चव जुळवते आणि रोज आठ कप माझ्यापुढे आणते. केवढा विश्वास माझ्या जिभेवर! (माझ्या दुधाच्या चहाचा डबा मात्र कुठे गेला देव जाणे.) मी पितो, छान म्हणतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. खरं ओठांवर येतं नि चहाबरोबर गिळतो. सांगावं तर तिला वाटेल, यश आपलं नव्हेच, सासऱ्याच्या तव्याचं. न सांगावं तर काम हातचं जाईल. मला तिचा फार अभिमान वाटतो, आक्का. तिच्या आनंदावर मी कसं विरजण घालू?

तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्दा राहिलाच. तूच तिला फोन कर, आणि बोलता बोलता सहज म्हण, चहा जरा भाजून बघ. माझं नाव अजिबात नको.

आणखी एक ता. क. चिमूटभर चहा पाठवतोय. तो घालून पाकीट चिकटवायला सूनबाईकडे देतो. काळजी नको, ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नाही.

तिसरा ता. क., सुनेच्या हातचा. आत्या, नमस्कार. एरवी मी वाचत नाही, पण चहा घालताना ‘बुरशी’ दिसलं आणि राहवलं नाही. मला त्याच सोमवारी संशय आला होता. घरात तवा घासलेला होता, आणि बाबांनी जन्मात कधी तवा घासलेला नाही! चाळीस किलो भाजून परवाच रवाना झाला. भाजायची अक्कल आमच्या बाबांची, हे मालकीणबाईंना मी तेव्हाच सांगितलंय. फक्त भाजल्याचं बाबांनी आपल्या तोंडाने मला सांगावं, एवढ्यासाठी आठ कप चालू आहेत. तेव्हा फोन करू नका. दुधाच्या चहाचा डबा माझ्या कपाटात आहे. उद्यापासून कप नऊ करते.