मटकी किलोवर मिळत नाही

विजय नगर, जबलपूर
रविवार, संध्याकाळचे पाच

तीर्थस्वरूप सौ. सुनेत्रावहिनी यांस,

देवदत्तचा साष्टांग नमस्कार. दादांचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि तुमच्या गॅलरीतला तो कधीच न फुलणारा मोगरा, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. इकडची खुशाली मात्र लिहिण्यासारखी नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी तुम्ही जबाबदार आहात, म्हणूनच हे पत्र लिहून राहिलो आहे. (हो, ‘लिहून राहिलो आहे’. फोनवर बोललो की पुण्यात सगळे हसता, म्हणून मुद्दाम कागदावर लिहिलं.)

तुम्हाला ठाऊकच आहे, दीड महिन्यापूर्वी ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडताना विनताचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. (दिवा मात्र न विझता गेला, हे ती अजून सगळ्यांना कौतुकानं सांगते.) तासाभरात नागपूरहून तिच्या थोरल्या बहिणीचा, शैलजाताईंचा, फोन. विनूला मी दोन महिने नागपूरला नेते म्हणाल्या. त्या हेडमिस्ट्रेस होत्या, त्यामुळे त्या विचारत नाहीत, कळवतात. मी म्हटलं, काहून? मी आहे ना घरात. स्वयंपाक म्हणजे शेवटी काय, लिहिलेल्या सूचना पाळणं, आणि तेहेतीस वर्षं संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात मी दुसरं काय केलं? हे मी बोललो तेव्हा विनता माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. शैलजाताई म्हणाल्या, अच्छा, मग प्लास्टर निघालं की मी स्वतः जेवायला येते. ताट नीट दिसलं तर ठीक, नाहीतर विनू माझ्यासोबत येईल. वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं, मी घाबरलो. लग्नानंतर या घरात मी एकटा म्हणून फक्त चार दिवस राहिलोय, आणि चौथ्या दिवशी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी जेवलात का म्हणून विचारलं होतं. तेव्हा लाज गुंडाळून तुमच्याकडे पाककृतींची वही मागितली.

वही आली. अक्षर सुरेख आहे. पण कारखान्यात असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल शाईनं परत पाठवला असता. ‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे किती आणि कोणाच्या चवीपुरतं? ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा.’ आमच्याकडचा कांदा बाजारातून येतानाच गुलाबी असतो, त्यामुळे मी तो परतलाच नाही. ‘मावेल तेवढी कणीक’ असं एके ठिकाणी लिहिलंय. परातीत अडीच किलो मावली. तीन दिवस आम्ही त्याच कणकेच्या पोळ्या खाल्ल्या, आणि मी कारखान्यातलं व्हर्नियर लावून प्रत्येक पोळीची जाडी मोजली. मध्यभागी चार मिलिमीटर, कडेला एक. मी नियमानं सगळ्या नापास केल्या, तरी विनता खात होती. रोज ताट तिच्यापुढे ठेवून मी वही-पेन घेऊन शेजारी उभा राहायचो आणि मीठ, तिखट, शिजणं यांवर तिचा अभिप्राय लिहून घ्यायचो. ती म्हणायची, चांगलं आहे हो, बसा आता. (असल्या मोघम अभिप्रायानं सुधारणा होत नाही, हे मी तिला अनेकदा समजावलं.)

मग तुमचा तो गोडा मसाला. आमच्या घरात तो कधी शिरलेला नाही, आईच्या वेळेपासून इकडे सगळा कारभार काळ्या मसाल्यावर. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सचिनभैयाला विचारलं तर तो म्हणाला, अंकलजी, मसाला मीठा कैसे होगा? मुद्दा बरोबर होता. तेव्हा मी शास्त्रशुद्ध पर्याय काढला. तीन चमचे गरम मसाला, दोन चमचे किसलेला गूळ. त्या आमटीचा पहिला घोट घेतल्यावर विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माहेरची आठवण आली असेल.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो. मागच्या मंगळवारी प्लास्टर निघालं. (डॉक्टरांनी अजून सहा आठवडे हाताला अजिबात काम द्यायचं नाही म्हणून बजावलंय. मी खाली स्कूटर लावत होतो, विनतानं बाहेर आल्यावर सांगितलं.) लगोलग शैलजाताईंचा आजचा रविवार ठरला. मी तुमच्या वहीतलं पान अकरा काढलं, ‘मटकीची उसळ’, खाली रेघ मारून लिहिलेलं: ‘हमखास जमणारी’. सचिनभैयाला फोन लावला की आधा किलो मटकी भेज दो. तो म्हणाला, अंकलजी, मटकी किलो से नहीं, नग से मिलती है, छोटी दूँ कि बड़ी? त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मटका कुल्फी असते, मटका चहा असतो, तशी ही पुण्याची मटकी उसळ. भांड्याचं नाव पदार्थाला. मी म्हटलं, मध्यम आकाराच्या दोन दे. त्यानं शेजारच्या कुंभाराकडून मातीची दोन सुरेख मडकी स्वतः आणून दिली.

आता वहीतली सूचना बघा: ‘मटकी स्वच्छ धुवून रात्रभर भिजत घाला.’ नवं मडकं वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवतातच, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मी दोन्ही बादलीत बुडवली. पुढे: ‘सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा.’ बांधली. ‘मोड येतील.’ इथे मात्र मी थांबलो. मोड मडक्याला येत नाहीत एवढं मलाही कळतं. त्यावरून तुमच्याकडून कडधान्याचं नाव लिहायचं राहिलं हे उघड झालं, आणि मी उदार मनानं ती चूक सांभाळून घेत हरभरे भिजवले. विनता समोरच्या खुर्चीवर बसून बघत होती. तिला विचारलं, बरोबर आहे ना? ती म्हणाली, वहीत आहे तसंच करा.

आज दुपारी बारा वाजता शैलजाताई पानावर बसल्या. वरण-भात झाला होता, पोळ्यांची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत उतरली होती, कोशिंबीर कोणालाही दाखवावी अशी होती. मटकी गॅसवर चढवली होती, आत उसळ रटरटत होती, आणि वहीत लिहिलंय तशी मी वरून फोडणी ओतली. ‘फाट’ असा आवाज झाला आणि मटकीचे दोन तुकडे. हरभरे ओट्यावर, रस्सा बर्नरमध्ये, गॅस विझला. शैलजाताई पानावरून उठून आत आल्या, ओट्याकडे बघितलं, वहीचं पान अकरा शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “देवदत्तराव, मटकी म्हणजे मोट. आपली मोट.”

वहिनी, मोट! लहानपणापासून मी मोटेची उसळ खात आलोय. आई मोट म्हणायची, विनता मोट म्हणते, अख्खं नागपूर मोट म्हणतं. एवढ्याशा दाण्याला मडक्याचं नाव द्यायची पुण्याला काय गरज पडली? आणि दिलंच, तर कंसात ‘मोट’ लिहायला किती शाई लागली असती? विनताला तर ते बघवलं नाही. तोंडाला पदर लावून ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता बॅग भरली जाणार.

पण दोघी बहिणी आत काहीतरी बोलल्या, आणि शैलजाताईंनी बाहेर येऊन निकाल दिला: पंधरा दिवसांची मुदत. हीच उसळ, मोटेची, याच स्वयंपाकघरात. नाही जमली तर विनू नागपूरला. सध्या त्या झोपल्या आहेत, उद्या सकाळच्या गाडीनं जातील. तरी वहीची सुधारित आवृत्ती, सर्व शब्दांच्या अर्थांसह आणि मिठाच्या ग्रॅममधल्या वजनासह, तातडीनं पाठवावी. तपासणीच्या माणसाला हार पत्करता येत नाही. जे करीन ते नियमानं आणि माझ्या हातानं करीन.

दादांना नमस्कार.

आपला दीर,
देवदत्त

ता. क. : गोडा मसाला पाव किलो पाठवावा. गुळाचा पर्याय मी रद्द केला आहे.

ता. क. २ : पुढच्या आठवड्यात तुमच्या सोसायटीतलं कोणी गाडीनं इकडे येत असेल, तर मसाल्यासोबत तयार उसळच एका डब्यात पाठवता येईल का? ती मी केली असं मी म्हणणार नाही. पण कोणी विचारलं नाही, तर आपणहून सांगणारही नाही. विनता नागपूरला गेली तर मी काय करू, हे मला खरंच सुचत नाही.

ता. क. ३ : वहिनी, मी विनता. हे पाकिटाला तिकीट आणायला बाहेर गेलेत आणि पत्र टेबलावर उघडंच राहिलंय. अक्षर बघून तुम्हाला कळलंच असेल, हात चांगला चालतो. डॉक्टरांनी तर उलट हात वापरा, कणीक मळा, असं सांगितलंय. हे खाली स्कूटर लावत होते. मटकी म्हणजे मोट हे मला ठाऊक होतं, त्यांनी फोन केला तेव्हा मी शेजारीच बसले होते. पंधरा दिवसांची मुदतही मीच ताईला द्यायला लावली. पुढे आहेच की ओटा आणि मी. पण बत्तीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी गरम ताट वाढून देतंय, आणि वर पेन घेऊन विचारतंय की मीठ बरोबर आहे ना. तेव्हा वही पाठवा, शब्द तुमचे पुण्याचेच राहू द्या. उसळ मात्र पाठवू नका.